आवाज ज्याचा त्याचा, बैठक सर्वांची
घरातील चित्रपटासाठी बिनतारी हेडफोन निवडताना

विदर्भातील उन्हाळा आणि टीव्हीचा आवाज यांचे नाते बाहेरगावच्या माणसास चटकन उमगणार नाही. मार्च सरत आला की आमच्या पांढरकवड्यात खिडक्यांना कूलर लागतात, ताट्यांतील गवत बदलले जाते आणि पुढील तीन महिने त्या पंख्याची घरघर दिवाणखान्यात मुक्कामाला येते. तिच्यावर मात करण्यासाठी टीव्हीचा आवाज वाढतो. वाढलेला आवाज आतल्या खोलीत प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या नातवापर्यंत पोहोचतो. मग घरात दोन वाक्ये आलटून पालटून ऐकू येतात. एक, ‘‘आजोबा, आवाज जरा कमी करा ना.’’ आणि दुसरे, ‘‘अरे, मला काही ऐकूच येत नाही.’’

दोघेही खरेच बोलत असतात. या पेचावर बिनतारी हेडफोन हा चांगला तोडगा आहे. शिवाय अद्ययावत ध्वनियंत्रणेच्या मोठ्या चित्रगृहासाठी आम्हांस बहुधा सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूरची वाट धरावी लागते, त्यामुळे चित्रगृहासारखा सभोवतालचा आवाज घरबसल्या मिळावा, हा मोहही असतो. मात्र दुकानातील खोक्यावर ‘७.१ सराउंड’, ‘थ्रीडी साउंड’, ‘सिनेमा मोड’ अशी अक्षरे दिसू लागली की सामान्य ग्राहक गोंधळतो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक सवय जडलेली असते, ती म्हणजे मोठ्या आकड्याखालची बारीक अक्षरे आधी वाचण्याची. त्याच सवयीने या विषयाकडे पाहू.

सभोवतालचा आवाज म्हणजे काय?

आपल्याला कान दोनच आहेत, तरीही मागून येणारी मोटारसायकल आपण न पाहता ओळखतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो, डाव्या कानाला किंचित नंतर. हे अंतर सेकंदाच्या एक हजारांश भागाहूनही कमी असते, पण मेंदूला तेवढे पुरते. डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला आवाज थोडा क्षीण लागतो, आणि कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे पुढचा, मागचा व वरचा आवाज निरनिराळा रंग घेऊन आत शिरतो. या खुणा जुळवून मेंदू दिशा ठरवतो.

हे तत्त्व नवीन नाही. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर दूरध्वनीची प्रेषक यंत्रे ओळीने मांडली होती. दूरच्या दालनातील श्रोत्यांनी दोन कानांना दोन श्रवणनलिका लावल्या, तेव्हा गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला आहे, हेही त्यांना जाणवले. पुढे चित्रगृहांनी प्रेक्षकाभोवती अनेक ध्वनिक्षेपक मांडले. ‘५.१’ म्हणजे भोवती पाच ध्वनिक्षेपक आणि खर्जासाठी एक वेगळा. ‘७.१’ म्हणजे भोवती सात आणि खर्जाचा एक. डॉल्बी अॅटमॉसमध्ये डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचीही सोय असते.

हेडफोनमध्ये मात्र बहुतेक वेळा प्रत्येक कानाला एकच ध्वनिक्षेपक असतो. खोक्यावर लिहिलेले सात ध्वनिक्षेपक त्यात कोठेही नसतात. सोबतच्या पेटीतील गणकयंत्र वर सांगितलेल्या खुणा, म्हणजे वेळेतील फरक, डोक्याचा आडोसा आणि पाळीचा रंग, गणिताने तयार करून दोन कानांत सोडते. ही फसवणूक नव्हे, उत्तम युक्ती आहे. पण ते गणित सरासरी कानाला धरून केलेले असते. त्यामुळे एकाच संचावर एकाला मागून पाऊस ऐकू येतो, तर दुसऱ्याला तो डोक्याच्या आत पडल्यासारखा वाटतो. म्हणूनच केवळ आकडा पाहून हेडफोन घेऊ नये. ज्याने वापरायचा, त्याच्याच कानाला लावून पाहावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. जे मुळात नाही, ते पेटी निर्माण करू शकत नाही. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’पासून पुढील कित्येक दशकांतील मराठी बोलपट एकपदरी ध्वनीचे आहेत. बातम्या आणि मालिकाही बहुधा दोनच पदरांत येतात. अशा कार्यक्रमांना ‘सराउंड’चे बटण लावले की बोलणे पोकळ, विहिरीतून आल्यासारखे वाटते. ते बटण बंद करता येणे हा चांगल्या संचाचा गुणच समजावा.

कोणाच्या कानासाठी?

निवडीतील पहिला प्रश्न हा आहे. तरुण मुलगा आणि सत्तरीतील आजोबा यांच्या गरजा वेगळ्या आहेत.

बँकेत निवृत्तिवेतन वाटपाच्या दिवसांत काचेपलीकडे उभे असलेले कितीतरी ज्येष्ठ मी पाहिले आहेत. सांगितलेले सारे ऐकल्यासारखी ते मान डोलवत आणि बाजूला जाऊन दुसऱ्या कोणाला तरी विचारीत, ‘‘साहेब काय म्हणाले?’’ वयानुसार येणाऱ्या श्रवणक्षीणतेचे हे नेमके लक्षण आहे. तिच्यात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. स्वर खालच्या पट्टीचे आणि ठळक असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी हलकी व्यंजने निसटतात. परिणामी ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी स्थिती होते. अशा वेळी आवाज वाढवला तर स्वर अधिक मोठे होतात, व्यंजने मात्र मागेच राहतात.

अशा व्यक्तीला सातपदरी आवाजापेक्षा संवाद स्पष्ट हवा असतो. काही संचांत बोलण्याची पट्टी उचलून धरणारी ‘व्हॉइस’ किंवा ‘स्पीच’ अशी सोय असते, तसेच डाव्या-उजव्या कानाचा समतोल वेगळा ठेवता येतो. ज्येष्ठांसाठी या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. केवळ टीव्ही ऐकण्यासाठी बनवलेल्या आणि हनुवटीखाली लोंबणाऱ्या हलक्या हेडफोनांत त्या बहुधा मिळतात. श्रवणयंत्रे बनवणाऱ्या सोनोव्हा या स्विस कंपनीने २०२२ मध्ये सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा व्यवसाय विकत घेतला. हेडफोन आणि श्रवणयंत्र हे दोन व्यवसाय किती जवळ आले आहेत, हे त्यावरून दिसते.

तथापि हेडफोन हा श्रवणयंत्राचा पर्याय नव्हे. घरातील कोणी वारंवार ‘काय म्हणालास?’ असे विचारू लागले, तर खरेदीआधी कानाची तपासणी करून घ्यावी. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणालेख काढून घेता येतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२० च्या अहवालात मध्यम वयातील श्रवणक्षीणता ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक प्रमुख जोखीम मानली आहे. ज्यांना श्रवणयंत्र आधीच आहे, त्यांनी त्याच्या विक्रेत्याला टीव्हीला जोडण्याच्या पेटीविषयी विचारावे. अनेक नव्या यंत्रांत टीव्हीचा आवाज थेट पोहोचतो आणि वेगळ्या हेडफोनची गरजच उरत नाही.

बिनतारी म्हणजे कोणत्या वाटेने?

आवाज टीव्हीपासून कानापर्यंत येण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली ब्लूटूथची. ती स्वस्त आणि सोपी आहे, पण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका मागे पडू शकतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. दूरचित्रवाणी प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार आवाज सुमारे १२५ मिलिसेकंदांहून अधिक मागे राहिला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. हा विलंब गाण्यांना चालतो, संवादांना चालत नाही. काही टीव्ही चित्र तेवढेच थांबवून ही फारकत भरून काढतात, म्हणून आपल्याच टीव्हीवर पारख करावी.

दुसरी वाट स्वतंत्र प्रक्षेपक पेटीची. ही पेटी टीव्हीशेजारी राहते, बहुधा २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर हेडफोनशी बोलते आणि हेडफोन ठेवला की तो चार्जही करते. विलंब जाणवण्याइतका नसतो आणि भिंतीआडही आवाज पोहोचतो. चित्रपट पाहणाऱ्या घराने हीच वाट धरावी. अमेरिकेतून नातलगांनी आणलेल्या जुन्या पद्धतीच्या संचाबाबत मात्र सावध असावे. तेथे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. आपल्याकडे त्याचा काही भाग मोबाइल सेवेसाठी राखीव आहे. भेट स्वीकारण्यापूर्वी लहरींचा आकडा विचारून घ्यावा.

पेटी टीव्हीला कशी जोडायची, हेही तितकेच महत्त्वाचे. हेडफोनच्या गोल छिद्रातून फक्त दोनपदरी आवाज मिळतो. ऑप्टिकल केबलमधून ५.१ आवाज येतो. एचडीएमआय एआरसीमधून त्यापुढील, ओटीटीवरचा अॅटमॉसही येऊ शकतो, पण पेटीला तो समजायला हवा. शिवाय टीव्हीच्या ध्वनी-मांडणीत ‘पीसीएम’ निवडलेले राहिले, तर महागड्या पेटीला दोनच पदर मिळतात. तेथे ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडावे. ‘सराउंड काही जाणवत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा याच एका बटणात असते.

आमचा उन्हाळा आणि आमचे नियम

पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रेक्झिनसारखी गादी कानाला चिकटते आणि तासाभरात नकोशी होते. कापडी किंवा मखमली गाद्या बऱ्या, आणि त्या काढून बदलता येणाऱ्या असाव्यात. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये हवा खेळते, पण कूलरची घरघर आत येते. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये ती अडते. बाहेरचा गोंगाट पुसून टाकणारी यंत्रणा कूलरसारख्या सलग, खर्जातील आवाजावरच सर्वांत चांगली चालते, हे आपल्या उपयोगाचे. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकटच हेडफोन घालून पाहावा. वजनही हाताने न जोखता अर्धा तास डोक्यावर ठेवून जोखावे.

आपल्या कुटुंबांतील अनेकांचा चामड्याच्या वस्तू न वापरण्याचा नियम आहे. काही महाग हेडफोनांच्या गाद्या मेंढीच्या कातड्याच्या असतात. ‘प्रोटीन लेदर’ नावाचे आवरण बहुधा कृत्रिम असते, तरी या नावाच्या काही प्रकारांत प्राणिजन्य प्रथिनांचा अंश असू शकतो. म्हणून कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

आवाजाची मर्यादा

हेडफोनमुळे शेजाऱ्याचे कान वाचतात, आपले वाचतीलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. चित्रपट पाहताना शेजारी बसलेल्याच्या हाकेला ओ देता यावी, एवढाच आवाज ठेवावा. कमाल आवाजाला कुलूप लावण्याची सोय असेल, तर मुलांसाठी ती जरूर वापरावी.

पैसे मोजण्यापूर्वी

किमतीचा पल्ला मोठा आहे. म्हणून विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात. बॅटरी बदलून मिळते का? गाद्या सुट्या मिळतात का? सेवा केंद्र नागपूर-यवतमाळला आहे की मुंबईलाच पाठवावे लागते? आणि पसंत न पडल्यास किती दिवसांत परत घेतील? जीएसटीचे बिल घ्यावे, हमीपत्रावर तारीख व शिक्का पाहावा. अडचण आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पारख करायला आपलेच चित्रपट पुरेसे आहेत. संवादांसाठी ‘नटसम्राट’ लावावा. कोकणातील पाऊस आणि समुद्र यांसाठी ‘किल्ला’. वाद्यवृंदासाठी ‘सैराट’, कारण त्याचे संगीत लॉस एंजेलिसमधील स्टुडिओत मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले आहे. या तिहींत शब्द कळतो का, भोवताल जाणवतो का आणि तासाभराने कान थकतात का, एवढे पाहिले तरी पुरे.

एक शेवटचा प्रश्न

हा प्रश्न दुकानदार सहसा काढत नाही. हेडफोन लावल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो की चालू राहतो? कित्येक टीव्हींत हेडफोनच्या छिद्रात पिन घातली किंवा ब्लूटूथ जोडले की टीव्ही मुका होतो. मग आजोबा ऐकतात तेव्हा घर ऐकत नाही आणि घर ऐकते तेव्हा आजोबा उठून आत जातात. एचडीएमआय एआरसीवरही बहुधा हेच घडते. ऑप्टिकल जोडणीत मात्र पुष्कळ टीव्हींवर दोन्ही आवाज एकाच वेळी चालू ठेवता येतात, आणि काही नव्या टीव्हींत ब्लूटूथसोबतही ही सोय आहे.

माझ्या मते कुटुंबासाठी हीच कसोटी सर्वांत मोठी, सराउंडच्या आकड्याहूनही मोठी. आजोबांनी आपल्या कानाला मानवेल तितका आवाज हेडफोनात ठेवावा, सूनबाईंनी टीव्हीचा आवाज मंद ठेवावा, नातवाचा अभ्यास निर्वेध चालावा आणि विनोदावर सगळ्यांनी एकाच क्षणी हसावे. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू बैठकीतून मागे सरकतो, गप्पांतून गळतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याला पुन्हा सर्वांमध्ये आणून बसवणारा हेडफोन दोनपदरी असला तरी घ्यावा. सातपदरी असूनही जो त्याला एकटे पाडतो, तो दुकानातच राहू द्यावा.