हिवतापावरील औषधे आणि लष्करी संशोधन

हिवतापाच्या संशोधनात लष्करी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. 1880 मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लावेराँ यांना रुग्णाच्या रक्तात या रोगाचे परजीवी आढळले. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनॉफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत त्याच परजीवीची वाढ दिसली. हे डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेले होते. दर डासामागे त्याला एक आणा मिळत असे. रॉस यांना 1902 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेठची ती इमारत पुढे उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

डास ओळखला गेला तरी औषधाचा प्रश्न उरलाच होता. त्या काळी मुख्य भिस्त सिंकोनाच्या सालीपासून मिळणाऱ्या क्विनाईनवर होती. 1942 मध्ये जपानने जावा बेट घेतले आणि दोस्त राष्ट्रांचा सिंकोनाचा पुरवठा तुटला. त्यामुळे कृत्रिम औषधांच्या शोधाला वेग आला व युद्धानंतर क्लोरोक्विन सर्वत्र पोहोचले. व्हिएतनाम युद्धात परजीवी क्लोरोक्विनला दाद देईनासा झाला. तेव्हा अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने मेफ्लोक्विन शोधले. चीनने 1967 मध्ये ‘प्रकल्प 523’ हे गुप्त लष्करी कार्य हाती घेतले. त्यातूनच तू यूयू यांचे आर्टेमिसिनिन पुढे आले. त्यांना 2015 मध्ये नोबेल मिळाले.

व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. कोरियाहून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना यासाठीच प्रायमाक्विन दिले गेले. भारतातही डॉक्टरांच्या सल्ल्याने ते 14 दिवस घेतात. वॉल्टर रीड संस्थेतच जन्मलेल्या टॅफेनोक्विनच्या एकाच मात्रेला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. मात्र ‘जी-सिक्स-पी-डी’ या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या दोन्ही औषधांनी फुटू शकतात. म्हणून आधी रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.

छावणीत सैनिकाला हुकुमाने गोळी देता येते. घरात हुकूम चालत नाही. ताप तीन दिवसांत उतरला की गोळ्या बाजूला पडतात, आणि यकृतातला परजीवी तसाच राहतो. औषध पूर्ण का घ्यायचे, हे विद्यार्थ्याला उमगले तर तो घरच्यांनाही पटवून देऊ शकेल. लष्कराच्या गरजेतून निघालेले हे ज्ञान वस्तीपर्यंत नेण्याचे काम शिक्षकाचे आहे.