‘देवचार’ : एका शब्दाचे अर्थांतर

ख्रिस्ती धर्मविचारात सैतान हा ईश्वराचा समबल प्रतिस्पर्धी नव्हे; ईश्वरानेच निर्मिलेला, परंतु स्वेच्छेने पतन पावलेला तो देवदूत होय. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) हा विचार मराठीत ओवीबद्ध करताना सैतानासाठी ‘देवचार’ हा शब्द योजिला. गोव्यातील हिंदू लोकश्रद्धेत मात्र देवचार हा गावाचा राखणदार मानला जातो. रात्री वाट चुकलेल्यास तो घरी पोचवितो, अशी समजूत आहे. अशा प्रकारे एकाच शब्दाने एका घरात अभय, तर शेजारच्या घरात भय सूचित होऊ लागले.

असे अर्थांतर अपूर्व नव्हते. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये ‘दायमोन’ ही संज्ञा देव व मानव यांमधील मध्यस्थ शक्तीची वाचक आहे. पुढे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात परराष्ट्रीयांच्या देवांना याच कुळातील शब्द लावला गेला आणि ख्रिस्ती परंपरेत तो हीनार्थी रूढ झाला.

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायानुसार आध्यात्मिक युद्ध रक्तमांसाच्या माणसांशी नाही. सत्य, नीतिमत्त्व व विश्वास हीच त्यातील शस्त्रसामग्री होय. परंतु शेजाऱ्याच्या राखणदाराचे नाव शत्रूला दिले, की त्या युद्धाचा रोख नकळत शेजाऱ्याकडे वळण्याचा धोका उद्भवतो. म्हणून ‘देवचार’ या शब्दाचा केवळ कोशगत अर्थ पुरेसा ठरत नाही. तो कोणाच्या उंबरठ्याआड उच्चारला जातो, हेही अभ्यासकाने पाहणे अगत्याचे आहे.