बाळाची छाती पिळू नका

नातीच्या जन्माला बाराच दिवस झाले होते. घरात बारशाची गडबड चालली होती. तेल लावून आंघोळ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "छाती भरलीय हिची, दूध काढून टाकते." त्यांची बोटं टेकायच्या आत मी हात धरला, तोही जरा जोरातच. सगळे बघत राहिले. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मीही अशीच पंधरा दिवसांची होते. इंदूरला आमच्या घरी येणाऱ्या बाईंनी माझी छाती पिळली. डावी बाजू लालबुंद झाली, ताप आला, पू झाला आणि शेवटी दवाखान्यात चीर द्यावी लागली. जखम भरली, सगळे विसरले. तेराव्या वर्षी उजवी बाजू वाढू लागली, डावी मात्र सपाटच राहिली. ओढणी डावीकडे जास्त घड्यांची घ्यायची, सहलीला गेलं तरी सगळ्यांसमोर कपडे बदलायचे नाहीत, असं चाललं. आजीने तर आईलाच बोल लावला, म्हणे पोटुशी असताना ग्रहणात काहीतरी चिरलं असेल! आई बिचारी ऐकून घ्यायची. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी छातीवरचा व्रण पाहून विचारलं, "लहानपणी इथे काही झालं होतं का?" तेव्हा कुठे उलगडा झाला.

नवजात बाळाची छाती फुगते ती आईच्या संप्रेरकांमुळे. मुलगी असो की मुलगा, कधी थेंबभर दूधही येतं. हात लावला नाही तर बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. पिळलं की जंतू शिरतात. स्तनाग्राच्या मागे स्तनाची इवलीशी कळी जन्मापासून असते. ती पुवाने किंवा चीर देताना नष्ट झाली, तर पुन्हा उगवत नाही.

याच कळीवर दुसरा घाला वयात येताना पडू शकतो. आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान एका स्तनाग्रामागे दुखरी, चण्याएवढी गाठ लागते आणि आईबाप कॅन्सरच्या भीतीने हादरतात. बहुतेक वेळा ती वाढीची सुरुवात असते, दुसरी बाजू काही महिन्यांनी मागोमाग येते. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करा. पण घाईने गाठ काढून टाकली, तर स्तनच काढून टाकल्यासारखं होतं.

भाजण्याचं वेगळं. रांगत्या मुलीच्या छातीवर उकळता चहा सांडला, तर आतली कळी पुष्कळदा शाबूत राहते, पण वरचा व्रण ताणला जात नाही. तिला वाढायला जागाच मिळत नाही. असा व्रण शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो, म्हणून अशा मुलीला वयात येताना जरूर दाखवावं.

काहींचं जन्मतःच असतं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेड पोलंड यांनी 1841 मध्ये एका बाजूचे छातीचे स्नायू नसलेल्या देहाचं वर्णन केलं. त्यांच्याच नावाच्या या दोषात त्या बाजूचा स्तन लहान असतो किंवा नसतोच, कधी त्याच हाताची बोटं आखूड आणि जुळलेली असतात. बहुधा तो घराण्यातून येत नाही. ग्रहणाचा तर मुळीच संबंध नाही.

दोन्ही बाजूंत थोडा फरक बहुतेकींना असतोच, त्याची धास्ती नको. तेरा वर्षांपर्यंत काहीच वाढ दिसली नाही, किंवा आठच्या आत सुरू झाली, तर मात्र तपासणी हवी. आणि मुलांनो, चौदाव्या वर्षी छाती थोडी फुगली तर घाबरू नका, बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत उतरते. भावंडांनी चिडवू नये.

वाढ पूर्ण झाल्यावर प्लास्टिक सर्जरी करता येते. मी नाही केली. आईने शिवून दिलेल्या सुती पॅडवर माझं निभावलं. मुलीला उजवीकडूनच पाजलं आणि ती चांगली बाळसेदार झाली. तीच आता या नातीची आई.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, जरा फुगलेल्याच. "मग तेल तरी लावू ना?" म्हणाल्या. म्हटलं, लावा की, हलक्या हाताने, फक्त छाती दाबू नका. मी पाट घेऊन शेजारीच बसले.