गोल्फचा टोला सुधारतो कसा?

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी यवत सोडून केडगावकडे निघाली की मध्ये खुटबाव हे लहानसे स्थानक लागते. हा सारा उसाचा मुलूख. तोडणीच्या दिवसांत तेथे कोयता चालविणारा मनुष्य पाहण्यासारखा असतो. उसाच्या बुंध्याकडील कांड्यांत साखर अधिक. म्हणून घाव अगदी जमिनीलगत बसला पाहिजे, परंतु कोयता मातीत अगर दगडावर जाता कामा नये. मुरलेला तोडणारा हे सहज साधतो. नवखा मात्र एक तर वीतभर बुडखा मागे ठेवतो, नाही तर कोयत्याची धार घालवितो. त्याच्या अंगी बळ कमी असते असे नव्हे. घावाचा सर्वांत खालचा बिंदू कोठे यावा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले नसते.

पूना गोल्फ क्लब १८७९ साली स्थापन झाला. त्याच्या येरवड्याच्या मैदानावर नवशिक्याची नेमकी अशीच फजिती होते. चेंडू जागचा हालत नाही, कोणी तो अंगावर फेकीत नाही, घाईही नसते. तरी काठी कधी चेंडूमागची माती उकरते, तर कधी चेंडूच्या माथ्याला चाटून निघून जाते. लहानपणी विटी कोलण्यात तरबेज असलेल्या गृहस्थास हे पाहून हसू येते. यात कठीण ते काय, असे त्यास वाटते. आणि काठी हाती घेतली की तोही माती उकरतो.

याचे कारण काळाच्या हिशेबात आहे. चांगला खेळाडू काठी मागे नेण्यास सुमारे पाऊण सेकंद घेतो. ती खाली येण्यास अवघा पाव सेकंद पुरतो. चेंडू व काठी यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच. उलट, डोळ्याने काही पाहून हाताने त्यास उत्तर देण्यासच मनुष्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. तेव्हा खाली येऊ लागलेला टोला वाटेत दुरुस्त करणे शक्यच नाही. जे व्हावयाचे ते आधीच शरीराच्या सवयीत मुरलेले असावे लागते. शिवाय चूक अल्प असली तरी तिचे फळ अल्प नसते: दोनशे मीटर जाणारा चेंडू निघतानाच तीन अंशांनी वळला, तर तो दहा मीटर बाजूला जाऊन पडतो. मग ‘अजून जोर लाव’ या सल्ल्याचा उपयोग काय? जोराने चूकच तेवढी दूर जाते.

म्हणून जाणता शिक्षक जोराचे नावही काढीत नाही. तो आधी हात पाहतो. १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटनची ओपन स्पर्धा ६ वेळा जिंकणारा हॅरी व्हार्डन उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर ठेवून काठी धरी; आजही बहुसंख्य खेळाडूंची पकड तीच आहे. पकडीनंतर पायांची ठेवण, त्यानंतर कमरेइतकाच उचललेला अर्धा टोला, आणि पुरता टोला सर्वांत शेवटी. खाली येताना आधी कंबर वळावी, तिच्यामागून खांदे, मग हात आणि अखेरीस काठी, हा क्रम. नवशिका हात आधी फेकतो. त्यामुळे कंबरेचे बळ वाया जाते व काठी आडवी येते.

यात गंमत अशी की ही चूक करणाऱ्यास ती जाणवत नाही. कंबर आधीच वळली, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. म्हणूनच दुसऱ्याची नजर लागते. अलीकडे मोबाईलवर घेतलेले चित्रणही हे काम करते, मात्र दिसलेल्या दहा दोषांपैकी आज कोणता एक धरावयाचा, हे यंत्र सांगत नाही. दहाही एकदम धरणाऱ्याचे हातपाय जागच्या जागी गोठतात.

खरी कसोटी याच्या पुढे आहे. पकड बदलली की पहिले काही आठवडे, कधी काही महिने, चेंडू पूर्वीपेक्षाही वाईट जातो. जुनी सवय मोडलेली असते आणि नवी बसलेली नसते. पन्नाशी उलटल्यावर शिकवणीचे पैसे भरून आपण होता तो खेळही घालविला, असे वाटून पुष्कळ गृहस्थ येथेच परत फिरतात. त्यांनी टायगर वुड्सचे उदाहरण पाहावे. १९९७ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने मास्टर्स स्पर्धा १२ टोल्यांच्या फरकाने जिंकली. असा टोला कोण बदलील? पण बुच हार्मन या आपल्या शिक्षकाबरोबर त्याने तो नव्याने घडविण्यास घेतला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मुख्य स्पर्धामालेत त्यास एकच विजय मिळाला, आणि लोक कुजबुजू लागले. १९९९ मध्ये त्याने ८ स्पर्धा जिंकल्या; २००० ची अमेरिकन ओपन १५ टोल्यांनी जिंकली.

सराव किती करावा, याविषयीही गैरसमज फार. रविवारी तीनशे चेंडू मारून घाम गाळण्यापेक्षा रोज थोडे बरे. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकविताना ताडून पाहिलेली व १९७८ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. रोज एक तास शिकणाऱ्यांना रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. मौज ही की सर्वांत असमाधानी तेच होते. दिवस फार लागत असल्याने आपण मागे पडलो, असे त्यांना वाटे! त्याच्या पुढच्याच वर्षी शी व मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी हाताच्या तीन हालचाली शिकवून पाहिल्या. एकेक हालचाल ओळीने घोटणारे सरावाच्या वेळी सरस दिसले. दहा दिवसांनी परीक्षा घेता तिन्ही आलटून-पालटून करणारे पुढे निघाले. म्हणून एक दोष सुधारून थोडा हाती आला, की पुढील प्रत्येक चेंडूस काठी व लक्ष्य बदलावे.

हा खेळ आपल्याकडे अद्याप मूठभरांचाच आहे, हे खरे. मैदान व सामान दोन्ही महाग. तरी दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा अली शेर पाहून-पाहून शिकला आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकून गेला. पुण्याचे उदयन माने २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळले.

पहिल्या धड्यास तर मैदानही नको. वाड्यामागील परसू चालेल, खुटबावचे एखादे रिकामे वावरही चालेल. भुसभुशीत मातीवर फक्कीची एक रेघ ओढावी. रेघ दोन पायांच्या मधोमध घेऊन, चेंडू न ठेवता, लोखंडी तोंडाची काठी सावकाश फिरवावी. मातीवर उमटणारी खूण रेघेच्या मागे पडली तर कंबर अडली, असे समजावे. ती रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूस पडली पाहिजे. रोज पंचवीस वेळा हे करून किती खुणा पुढे पडल्या ते वहीत मांडावे, आणि सलग आठवडाभर वीस भरल्या की मगच रेघेवर चेंडू ठेवावा.