रिकाम्या चौकटींचे सामर्थ्य

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२३ साली दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळले. विद्यार्थ्यांवरील ओझे हलके व्हावे, हा त्यामागील हेतू होता. शिवाय हा विषय अकरावीत आहेच, असा खुलासाही झाला. परंतु दहावीनंतर कला वा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचे काय? त्याच्या हातून नेमके काय निसटते, हे जाणण्यासाठी या सारणीचा जन्म पाहावयास हवा.

मूलद्रव्यांत काही कुळाचार असावा, ही शंका जुनी होती. जर्मनीत डोबरायनर यांनी १८२९ साली गुणसाम्य असलेल्या मूलद्रव्यांची त्रिके दाखविली. अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडणी केली असता दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण पुन्हा उमटतात, असे इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी १८६५ साली मांडले. पुढील वर्षी लंडनच्या केमिकल सोसायटीत, 'आद्याक्षरांच्या क्रमाने मांडून पाहिलेत काय?' अशा आशयाच्या प्रश्नाने त्यांची संभावना झाली.

सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत असताना याच कोड्याशी झुंजत होते. १८६९ साली त्यांनी तोवर ज्ञात असलेल्या ६३ मूलद्रव्यांची सारणी प्रसिद्ध केली. तिचे सामर्थ्य भरलेल्या चौकटींइतकेच रिकाम्या चौकटींत होते. जेथे गुणधर्म जुळेनात, तेथे त्यांनी ओढूनताणून मूलद्रव्य बसविले नाही. जागा मोकळी सोडली आणि १८७१ साली त्यांतील तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुण आगाऊ वर्णिले. त्यांच्या नावांसाठी त्यांनी संस्कृत 'एक' हा शब्द योजिला: एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन.

१८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. संशोधकाने त्याची घनता ४.७ मोजली, मेंडेलीव्ह यांचे भाकीत ५.९ होते. नमुना शुद्ध नसावा, असे त्यांनी धातू न पाहताच कळविले. फेरमापनात घनता ५.९ च्या आसपास भरली! १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम यांनी उरलेल्या दोन जागा घेतल्या.

मात्र मेंडेलीव्ह सर्वज्ञ नव्हते. गुणांवरून त्यांनी टेल्युरियम आयोडीनच्या आधी ठेवले. पण टेल्युरियमचा अणुभार अधिक निघे. मापन चुकले असावे, असे त्यांनी मानले. मापन बरोबर होते. कसोटीच अपुरी होती. क्रम ठरतो तो अणुभाराने नव्हे, अणुक्रमांकाने, हे १९१३ साली तरुण मोस्ले यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले. दोनच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले.

आज सारणीत ११८ मूलद्रव्ये असून सातही ओळी पूर्ण आहेत. ती सर्व नावे पाठ करावीत, असा आग्रह कोणीही धरणार नाही. पाठांतराचे ओझे खुशाल कमी करावे. परंतु अज्ञान लपवू नये, त्याची जागा रेखून ठेवावी. भाकीत असे करावे की ते खोटे ठरू शकेल. आणि पुराव्यापुढे नियमही सुधारावा, हा धडा इतक्या सुबोधपणे देणारी प्रकरणे शालेय विज्ञानात फार नाहीत. भावी कारकुनाला, वकिलाला वा मतदाराला रसायनशास्त्र न आले तरी चालेल. हा धडा मात्र त्याला हवाच. म्हणून या सारणीचे स्थान अकरावीच्या उंबरठ्याअलीकडेच असावयास हवे.