दुखण्यापूर्वींची तपासणी

आमच्या जिल्ह्यांतील बार्शी हें गांव व्यापारपेठ म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु ग्रामीण भारतांतील पहिली लोकवस्तीनिहाय कर्करोग-नोंदणी १९८७ सालीं तेथेंच सुरू झाली, हें विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. खेड्यांतील स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत अधिक, असें त्या नोंदींवरून दिसून आलें.

हा रोग एकाएकीं होत नाहीं. ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षें टिकला, म्हणजे तेथील पेशी हळूहळू बदलतात. त्यांचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-वीस वर्षें लागतात. या अवधींत वेदना मुळींच होत नाहीं. हीच या रोगाची फसवणूक आणि हीच आपली संधि. शिरक्यांतील आम्लाचा सौम्य द्राव त्या जागीं लावला असतां बिघडलेला भाग मिनिटभरांत पांढरा दिसूं लागतो. असा भाग वेळींच गोठवून किंवा काढून टाकला, कीं पुढील अनर्थ बहुधा टळतो. नमुना घेऊन विषाणूचाच शोध घेणें ही याहून खात्रीची रीत होय.

तिची प्रचीति शेजारच्याच जिल्ह्यांत आली. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचें टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागानें उस्मानाबाद (हल्लींचें धाराशिव) जिल्ह्यांत गांवांचे ५२ समूह निवडून ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या सुमारें ३४,००० स्त्रियांस एकदां विषाणू-तपासणीस बोलाविलें होतें, त्यांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. नेहमींच्याच व्यवस्थेवर राहिलेल्या सुमारें ३१,५०० स्त्रियांत ६४ झाले.

घरोघर जाऊन समजावून सांगितल्यामुळें तेथें बोलाविलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ७९ स्त्रिया आल्या. मागें राहिल्या त्या विशेषेंकरून वयानें मोठ्या व निरक्षर. परंतु देशांत सामान्यतः काय स्थिति आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शंभरांत दोघींचीहि ही तपासणी कधीं झालेली नव्हती. "मला काय धाड भरली आहे?" हा प्रश्न, दिवसाची मजुरी बुडण्याचें भय आणि लज्जा, हे तीन अडसर आम्हांस प्रत्येक गांवीं दिसतात. घरच्या पुरुषांची उदासीनता हा चौथा.

सरकारी धोरणाप्रमाणें ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पांच वर्षांनीं तपासणी व्हावयाची आहे. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, सुटींत गांवीं जाल तेव्हां आईस, आत्यास, मावशीस एवढेंच सांगा, कीं ही तपासणी दुखणें आल्यावर करावयाची नसून येण्यापूर्वीं करावयाची आहे. गांवच्या आशाताईंकडे चौकशी करा, आणि त्या दिवशीं घरचें काम तुम्ही अंगावर घ्या. ज्या घरांत शिकलेलें मूल आहे, त्या घरची आई केवळ न कळल्यामुळें दगावूं नये.