फवारणीची चक्कर उन्हाची नव्हे

२०१७ चा पावसाळा वऱ्हाडातील शेतमजुरांची घरे विसरणार नाहीत. कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारणीचे विष मजुराच्याच तोंडावर उडत होते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. अकोला-अमरावतीकडेही विषबाधेचे रुग्ण निघाले. मृतांच्या वारसांना सरकारने दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. जे वाचले त्यांचे पुढे काय, हे फारसे कुणी विचारले नाही. आम्ही लिहितो आहोत ते त्यांच्यासाठी.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांना आपण 'औषध' म्हणतो, ही सवयच वाईट! ही विषे थेट मज्जातंतूंवर घाला घालतात. मेंदूचा हुकूम स्नायूला पोचला की तो तिथेच थांबवणारा कोलिनेस्टरेज नावाचा घटक शरीरात असतो. विष त्यालाच निकामी करते. मग हुकूम थांबतच नाही. घाम, लाळ, चक्कर. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. आपली माणसे मात्र 'ऊन लागले' म्हणून कांदा हुंगवत बसतात!

ॲट्रोपिनच्या इंजेक्शनांनी रोगी सावरतो. परंतु एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होऊन श्वास पुन्हा अडू शकतो. रोजी बुडते म्हणून सुटीची घाई करू नका. काही विषांनी दोन-तीन आठवड्यांनंतर पायांतली शक्ती जाते. वर्षानुवर्षे फवारणी करणाऱ्यांत विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी जास्त आढळते, असे देशोदेशीच्या अभ्यासांत दिसले आहे. पॅराक्वाट या तणनाशकाचा संबंध कंपवाताशी जोडला गेला आहे. हात थरथरला की गाव म्हणते, दारू पितो. प्रत्येक थरथर विषाचीच असेल असे नाही, पण डॉक्टरांना फवारणीचे काम सांगितलेच पाहिजे.

फवाऱ्याला पाणी आणून देणारी आणि ते कपडे धुणारी बाईही यातून सुटत नाही. ते कपडे लेकरांच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा. वाचता येत नसले तरी डब्यावरचा लाल त्रिकोण ओळखता येतो. तो सर्वांत जहाल विषाचा. चक्कर येताच काम थांबवा, कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. तिथे कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी मागा. सुटीच्या कागदावर विषाचे नाव आणि किती दिवस फवारले ते लिहून घ्या, अन् तो कागद रेशनकार्डाजवळ ठेवा.